शेरलॉक बघायचा, पण कुठला? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

महिन्यातल्या एका शनिवारी आमच्या लालबागच्या घरी सात-आठ जण जमतात. चहा, कांदाभजी आणि गुप्तहेर शेरलॉक होम्सच्या मालिकेचा एखादा भाग, असा बेत असतो. भाग संपला की गप्पा सुरू होतात आणि शेवटच्या लोकलची वेळ होईपर्यंत चालतात. मी यातलं बरंच काही दोन-दोनदा पाहिलेलं असल्यामुळे शेजारी, ऑफिसातल्या मैत्रिणी, भाचीच्या कॉलेजातली मुलं असे सगळे मलाच विचारतात. तेच प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, म्हणून उत्तरं एकदाच नीट लिहून काढली. जिथे गोष्टीचं रहस्य फुटतं, तिथे आधीच सांगितलं आहे.

कुठल्या मालिकांची तुलना करायची म्हणता?

मुख्य दोन. पहिली बीबीसीची ‘शेरलॉक’. ती २०१० ते २०१७ या काळात आली. बेनेडिक्ट कंबरबॅच होम्स आणि मार्टिन फ्रीमन त्याचा सोबती डॉक्टर वॉटसन. दुसरी अमेरिकेतल्या सीबीएसची ‘एलिमेंटरी’. ती २०१२ ते २०१९ चालली. जॉनी ली मिलर होम्स आणि लूसी लिऊ वॉटसन. दोन्हींत होम्स आजच्या काळात राहतो आणि मोबाईल वापरतो. एकीत तो लंडनमध्ये आहे, दुसरीत न्यूयॉर्कमध्ये. बाकीच्या मालिकांबद्दल खाली थोडं थोडं आहेच.

मूळ कथा आधी वाचायला हव्यात का?

हव्यातच असं नाही, पण दोन-चार वाचल्यात तर मजा दुप्पट होते. आर्थर कॉनन डॉयलने होम्सच्या ५६ लघुकथा आणि ४ कादंबऱ्या लिहिल्या. पहिली कादंबरी १८८७ ची. बऱ्याच कथा भालबा केळकरांनी मराठीत आणल्या आहेत आणि जुन्या वाचनालयांत त्या अजून सापडतात. ‘अ स्कँडल इन बोहेमिया’ आणि ‘द स्पेकल्ड बँड’ या दोन कथा तेवढ्या वाचून घ्या. पुढची निम्मी उत्तरं त्यांच्या आधाराने कळतील.

माझ्याकडे वेळ कमी आहे. एकच बघायची तर कुठली?

‘शेरलॉक’चे सगळे मिळून १३ भाग आहेत. प्रत्येक भाग दीड तासाचा, म्हणजे वीसेक तासांत काम झालं. ‘एलिमेंटरी’चे सात सीझन आणि १५४ भाग, म्हणजे शंभर तासांच्या वर. पण तिचा भाग पाऊण तासाच्या आत संपतो. ठाण्याहून सीएसएमटीला स्लो गाडीने जाणाऱ्याचा एक भाग जाताना आणि एक येताना आरामात होतो. ‘शेरलॉक’चा भाग असा तोडून बघू नका. तो दिवे मालवून एका बैठकीत बघायचा.

पण खरं उत्तर वेळेत नाही. हुशारी म्हणजे वीज चमकावी तशी चमकणारी गोष्ट असं तुम्हाला वाटत असेल, तर ‘शेरलॉक’ बघा. हुशारी रोज घासूनपुसून ठेवायची गोष्ट आहे असं वाटत असेल, तर ‘एलिमेंटरी’. माझा कौल दुसरीला आहे. का, ते पुढे येईल.

‘शेरलॉक’चं एवढं कौतुक कशासाठी?

पहिल्या भागातला मोबाईलचा प्रसंग बघा. शेरलॉक वॉटसनचा फोन हातात घेतो, उलटा-सुलटा करतो. मागे ‘हॅरी वॉटसन’ हे नाव आणि भेट देणाऱ्या क्लाराचं नाव कोरलेलं आहे. अंगावर किल्ल्या आणि नाणी घासल्याचे ओरखडे आहेत. चार्जिंगच्या भोकाभोवती बारीक बारीक खरचटलेलं आहे, म्हणजे रोज रात्री पिन घालताना मालकाचा हात थरथरतो. मालक पितो. वॉटसनचा भाऊ दारुडा आहे, असं शेरलॉक सांगून मोकळा होतो.

आता १८९० ची ‘द साइन ऑफ फोर’ उघडा. तिथे वॉटसन खिशातलं घड्याळ होम्सच्या हातात देतो. त्या काळी घड्याळाला किल्ली द्यावी लागायची. किल्लीच्या भोकाभोवती ओरखडेच ओरखडे. आतल्या झाकणावर गहाणवट ठेवून घेणाऱ्याने टोचलेले आकडे. निष्कर्ष तोच, भाऊ दारूपायी गेला.

घड्याळाचा मोबाईल झाला, किल्लीच्या भोकाचं चार्जिंगचं भोक झालं, आणि थरथरणारा हात तोच राहिला. रूपांतर करावं ते असं. मूळ वस्तूचं आजच्या काळातलं भावंड शोधून काढलं आहे. शिवाय वर एक खुबी. ‘हॅरी’ हा भाऊ नसून बहीण निघते, हॅरिएट. म्हणजे ज्याने मूळ कथा वाचली आहे, तोही गाफील सापडतो. हा भाग बघितल्यावर दुसऱ्या दिवशी गाडीत माझी नजर समोर बसलेल्या बाईंच्या फोनकडेच जात होती.

त्याच भागात मरणाऱ्या बाईने जमिनीवर नखांनी खरडलेली अक्षरं आहेत, ‘राखे’. मूळ कादंबरीत ती रक्ताने भिंतीवर लिहिलेली असतात. पोलिसांना वाटतं की कुणा रेचलचं नाव अर्धं राहिलं, आणि होम्स सांगतो की हा सूडासाठीचा जर्मन शब्द आहे. मालिकेत उलट केलंय. जर्मन शब्दाची अक्कल पोलिसांच्या माणसाकडे, आणि शेरलॉक म्हणतो, नाही, ती रेचलच लिहीत होती. मालिका रचणाऱ्या स्टीव्हन मॉफट आणि मार्क गॅटिस या दोघांनी होम्स लहानपणापासून किती प्रेमाने वाचला असेल, ते अशा जागी दिसतं. फोनवरचे मेसेज पडद्यावर हवेत तरंगताना दाखवायची पद्धतही याच मालिकेने लोकांच्या डोळ्यांत बसवली.

मग पुढे कुठे बिनसलं?

माझ्या मते तिसऱ्या सीझनपासून. दुसऱ्याच्या शेवटी, जानेवारी २०१२ मध्ये, शेरलॉक सेंट बार्थोलोम्यू हॉस्पिटलच्या गच्चीवरून उडी मारतो. पुढचा भाग आला १ जानेवारी २०१४ ला. दोन वर्षं जगभरचे लोक डोकं लढवत होते की तो वाचला कसा. उत्तर म्हणून मालिकेने दोन-तीन शक्यता दाखवल्या आणि ठाम काहीच सांगितलं नाही. प्रेक्षकाला कोडं घालायचं आणि मग कोड्याला महत्त्व नव्हतं म्हणायचं, हे मला पटलेलं नाही. चौथ्या सीझनमध्ये तर केस बाजूला पडते आणि सगळं होम्सच्या घरातल्या जुन्या जखमांभोवती फिरत राहतं. अभिनय अखेरपर्यंत पहिल्या प्रतीचा आहे, पण दारावर बेल वाजते आणि कुणी अनोळखी माणूस आपली अडचण घेऊन जिना चढून येतो, हा होम्सकथेचा प्राण तिथे हरवला.

वॉटसन बाई आहे, हे केवळ वेगळं दाखवायचं म्हणून केलंय का?

हा प्रश्न सर्वांत जास्त येतो आणि बहुतेकदा मालिका न बघता येतो.

‘एलिमेंटरी’तली जोन वॉटसन सर्जन होती. तिच्या हातून शस्त्रक्रियेच्या वेळी एक रुग्ण दगावला आणि तिने चाकू खाली ठेवला. आता ती व्यसनमुक्ती केंद्रातून बाहेर पडलेल्या लोकांच्या घरी राहून त्यांना सांभाळते. शेरलॉक हेरॉइनच्या व्यसनातून नुकताच उठला आहे. त्याच्या वडिलांनी तिला सहा आठवड्यांसाठी नेमलंय. म्हणजे पहिल्या दिवशी दोघांपैकी जबाबदार माणूस ती आहे.

पुढे सहा आठवडे संपतात आणि ती राहते. कारण तिला हे काम आवडायला लागलेलं असतं. शेरलॉक तिला शिकवायला घेतो. कुलुपं उघडायला लावतो, अंगावर अचानक येऊन सावध आहेस का बघतो, जुन्या न सुटलेल्या केसच्या फायली पुढ्यात टाकतो. ती चुकते, चिडते, पुन्हा बघते. पहिल्या सीझनच्या उत्तरार्धात ती स्वतःची पहिली केस घेते आणि तिसऱ्या सीझनपर्यंत ती स्वतंत्र डिटेक्टिव्ह झालेली असते. आणि या सात वर्षांत दोघांचं प्रेमप्रकरण होत नाही. ते एकमेकांचे जोडीदार आहेत, कामातले. आपल्याकडच्या मालिका बघत आलेल्या माझ्या आईला आधी हे खरंच वाटेना. तिसऱ्या सीझनला ती म्हणाली, “बरं केलं गं, लग्न लावलं नाही ते.”

बीबीसीचा वॉटसन मला मनापासून आवडतो. मार्टिन फ्रीमनसारखं गप्प राहून बोलणं फार थोड्यांना जमतं. पण तो पहिल्या भागात थक्क होतो आणि शेवटच्या भागातही थक्कच होत असतो. त्याला कुणी काही शिकवत नाही. माझा कौल ठरतो तो इथे.

खरा होम्स इतका उद्धट होता का हो?

नाही. कंबरबॅचचा शेरलॉक स्वतःला सोशिओपॅथ, म्हणजे दुसऱ्यांच्या भावनांची पर्वा नसलेला माणूस, म्हणवतो आणि पोरांना वाटतं, हुशार माणसाने असंच वागायचं असतं. माझ्या भाचीच्या वर्गातला एक मुलगा महिनाभर तसं वागून बघत होता.

‘द स्पेकल्ड बँड’ची सुरुवात वाचा. पहाटेच्या वेळी एक तरुणी बेकर स्ट्रीटवर होम्सच्या घरी येते, थरथरत असते. होम्स पहिलं काय करतो? घरमालकीण मिसेस हडसननी शेकोटी पेटवली आहे, जवळ बसा म्हणतो, गरम कॉफी मागवतो. ती म्हणते, मी थंडीने नाही, भीतीने कापतेय. तेव्हा तो तिच्या हातावर थोपटून धीर देतो. मग सांगतो की तुम्ही आज आगगाडीने आलात, कारण परतीच्या तिकिटाचा अर्धा तुकडा तुमच्या डाव्या हातमोज्यात दिसतोय. त्याआधी उघड्या घोडागाडीतून आलात, कारण डाव्या बाहीवर सात ठिकाणी चिखलाचे शिंतोडे आहेत. निरीक्षण कॉफीनंतर. हा क्रम मला फार मोलाचा वाटतो. घड्याळाच्या प्रसंगातही वॉटसन दुखावलाय हे कळताच होम्स क्षमा मागतो.

जॉनी ली मिलरचा होम्सही पुष्कळ फटकळ आहे, पण त्याला माफी मागायला शिकावी लागते आणि तो शिकतो. पहिल्या सीझनच्या अगदी शेवटी तो गच्चीवर जोनला एक पेटी दाखवतो. तो मधमाश्या पाळतो, आणि त्या पेटीतल्या नव्या जातीच्या माशीला त्याने वॉटसनचं नाव दिलेलं असतं. मूळ कथांतला होम्सही म्हातारपणी ससेक्समध्ये मधमाश्याच पाळतो. आभार मानायची इतकी होम्सला शोभणारी रीत मी दुसरीकडे पाहिली नाही.

आयरीन अ‍ॅडलरचं प्रकरण कुणी चांगलं हाताळलं?

(इथे रहस्यं फुटतात. बघायचं राहिलं असेल तर पुढच्या प्रश्नावर जा.)

१८९१ च्या ‘अ स्कँडल इन बोहेमिया’त होम्स पाद्र्याच्या वेशात तिच्या घरात शिरतो, धुराचं नळकांडं फेकायला लावून बोहेमियाच्या राजाला हवा असलेला फोटो तिने कुठे लपवलाय ते काढून घेतो. त्याच संध्याकाळी पुरुषाच्या वेशातली एक व्यक्ती त्याला रस्त्यात “गुड नाइट, मिस्टर शेरलॉक होम्स” म्हणून निघून जाते. ती आयरीनच असते. दुसऱ्या दिवशी हा जातो तर ती नवऱ्यासह देश सोडून गेलेली. बाई जिंकली आणि होम्सने ते मान्य केलं. एवढीच कथा आहे आणि म्हणूनच ती टिकली.

बीबीसीने तिला आधी तेजस्वी केलं आणि शेवटी हरवलं. तिच्या फोनचा पासवर्ड शेरलॉकच्या नावातली अक्षरं निघतात, म्हणजे ती प्रेमात पडली म्हणून हरली. वर तिला कराचीत वाचवायलाही तोच धावतो. शंभर वर्षांपूर्वीच्या लेखकाने बाईला दिलेला विजय २०१२ मध्ये काढून घेतला, याचं मला आजही वाईट वाटतं.

‘एलिमेंटरी’त आयरीन हीच मोरिआर्टी, म्हणजे होम्सचा कट्टर शत्रू, असते. नॅटली डॉर्मरने ती भूमिका केली आहे. आणि तिला पकडायची युक्ती होम्सची नसते, जोनची असते. तिने मोरिआर्टीशी एकदा समोरासमोर बसून बोलताना जे टिपलेलं असतं, त्यावर सगळा सापळा उभा राहतो. प्रेम इथेही कच्चा दुवा आहेच, पण तो ओळखणारी नजर दुसऱ्या बाईची आहे.

व्यसनाचा भाग घरच्यांसोबत बघण्यासारखा आहे का?

मूळ होम्स कोकेन टोचून घ्यायचा. ‘द साइन ऑफ फोर’ची सुरुवातच सुईने होते. बीबीसीने त्याच्या जागी बहुतेकदा अंगावर चिकटवायच्या निकोटिनच्या पट्ट्या आणल्या. मूळ कथेत एक कोडं तीन पाइप ओढण्याएवढं मोठं असतं, इथे ते तीन पट्ट्यांचं होतं. कल्पक आहे, पण हलकं आहे. ‘एलिमेंटरी’त शेरलॉक नेमाने इतर व्यसनमुक्त लोकांच्या सभेला जातो, कंटाळतो, तरी जातो. एकदा तो म्हणतो की हे गळक्या नळासारखं आहे, सतत दुरुस्ती करत राहायची आणि मोबदल्यात मिळतं काय, तर नळ गळत नाही. आमच्या बैठकीतल्या एका काकांनी दारू सोडून नऊ वर्षं झाली आहेत. त्या वाक्याला त्यांनी मला भाग थांबवायला लावला आणि ते वाक्य पुन्हा ऐकलं. हो, घरच्यांसोबत जरूर बघा.

अमेरिकनांनी बीबीसीची नक्कल केली, हे खरं का?

दोन वर्षांनी आली म्हणून तसं बोललं गेलं. होम्स मूळचाच सर्वांचा आहे. डॉयल १९३० मध्ये वारला, आणि भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं स्वामित्वहक्क चालतो, म्हणजे आपल्याकडेही तो केव्हाच मोकळा झाला. गंमत म्हणजे २०११ मध्ये लंडनच्या नॅशनल थिएटरमध्ये डॅनी बॉइलच्या ‘फ्रँकेनस्टाइन’ नाटकात कंबरबॅच आणि मिलर आलटून-पालटून एकमेकांच्या भूमिका करायचे. आज हा शास्त्रज्ञ तर उद्या तो. रंगभूमीवरचा ऑलिव्हिए पुरस्कारही दोघांना मिळून मिळाला. तेव्हा दोघांची भांडणं लावू नका.

जेरेमी ब्रेटची जुनी मालिका अजून चांगली वाटते का?

ग्रॅनाडा टेलिव्हिजनची, १९८४ ते १९९४. ती आधुनिक नाही, घोडागाड्यांच्या काळातलीच आहे. पण मूळ पुस्तक पडद्यावर बघायचं असेल तर हिच्या वर मी कुणालाच ठेवत नाही. ब्रेटचे हात बघा, नुसते हात.

जपानी आणि भारतीय होम्सबद्दल काय?

‘मिस शेरलॉक’ (२०१८, आठ भाग) टोकियोत घडते. होम्स आणि वॉटसन दोघी बाया. वॉटसनचं नाव वातो. जपानीत नावापुढे आदराने ‘सान’ लावतात, म्हणजे हाक मारली की आपोआप ‘वातो-सान’ होतं. युको ताकेउचीने केलेली शेरलॉक आळशी, खवय्यी आणि सुंदर कपड्यांतली आहे. २०२० मध्ये ती गेली, त्यामुळे दुसरा सीझन कधी येणारच नाही. ही मालिका चुकवू नका.

हिंदीतली ‘शेखर होम’ (२०२४) नव्वदच्या दशकातल्या बंगालमध्ये घडते. के के मेननसाठी बघा. रहस्यं मात्र लवकर ओळखू येतात. आणि बासू चॅटर्जींची दूरदर्शनवरची १९९३ ची ‘ब्योमकेश बक्शी’ होम्सची नक्कल नाही, तरी रजित कपूरचा ब्योमकेश आणि के. के. रैनांचा अजित यांची मैत्री बेकर स्ट्रीटच्या अगदी शेजारची आहे.

मुलांना दाखवू का? इंग्रजी झेपेल का?

बारा-तेराच्या पुढे चालेल, पण आयरीनचा बीबीसीचा भाग आधी स्वतः बघा. कंबरबॅच फार भरभर बोलतो, तिथे इंग्रजी सबटायटल्स लावा आणि लाजू नका, मीही लावते. ‘एलिमेंटरी’ तुलनेने सोपी जाते.

निरीक्षण खरंच शिकता येतं का?

‘अ स्कँडल इन बोहेमिया’त होम्स वॉटसनला विचारतो की खालून या खोलीपर्यंत पायऱ्या किती? वॉटसन शेकडो वेळा चढलाय, पण त्याला माहीत नाही. सतरा, होम्स सांगतो. तू बघतोस, पण टिपत नाहीस.

हा प्रश्न मी आमच्या बैठकीत टाकला. आमच्या चाळीच्या जिन्याला पहिल्या मजल्यापर्यंत पायऱ्या किती? मी याच चाळीत जन्मले आणि मला सांगता आलं नाही. आई भजी तळता तळता आतून म्हणाली, “एकोणीस. अकरावीची कड तुटकी आहे, पाण्याचा हंडा घेऊन चढताना तिथे पाय जपून टाकायचा.” चाळीत घरोघरी नळ यायच्या आधी तिने खालून वर्षानुवर्षं पाणी भरलंय. तिला कुणी जन्मजात हुशार म्हटलेलं नाही. टिपायची गरज होती, म्हणून तिने टिपलं. जोन वॉटसन अशीच शिकते.

होम्सचा मुंबईशी काही संबंध आहे का?

होम्सचा नाही, वॉटसनचा आहे, आणि तोही पहिल्याच कादंबरीच्या पहिल्याच पानावर. डॉक्टर वॉटसन लष्करात भरती होऊन हिंदुस्थानात येतो तो मुंबई बंदरात. उतरल्यावर त्याला कळतं की त्याची पलटण खिंडी ओलांडून अफगाणिस्तानात पुढे निघून गेली आहे. तो मागोमाग कंदाहार गाठतो आणि मैवंदच्या लढाईत त्याच्या खांद्यात गोळी घुसते. ही लढाई खरी आहे, २७ जुलै १८८० ची, आणि बॉम्बे आर्मीच्या पलटणीही तीत लढल्या होत्या. २०१० मध्ये बीबीसीने वॉटसनला आजच्या काळात आणला तेव्हा त्याच्या इतिहासातलं हे पान बदलावंच लागलं नाही. सैन्यातला डॉक्टर, अफगाणिस्तानात जखमी. एकशे तीस वर्षांनी तेच युद्धक्षेत्र होतं.

भाचीला हे सांगितलं तेव्हा आम्ही गेटवेपाशी उभ्या होतो. ती म्हणाली, “म्हणजे मावशी, तो इथेच उतरला असेल?” मी तिला सांगितलं की कुठल्या धक्क्यावर ते डॉयलने लिहिलेलं नाही, पण गेटवे तर १९२४ चा, त्यामुळे ही कमान त्याला दिसली नसणार. बोरीबंदरला व्हीटीचं, म्हणजे आजच्या सीएसएमटीचं, बांधकाम १८७८ मध्ये सुरू झालं, म्हणजे तिथे तेव्हा पाया आणि दगडांच्या राशी असतील. ती बराच वेळ पाण्याकडे बघत राहिली. मग तिने विचारलं की आपण व्हीटीपर्यंत चालत जाऊ या का, आणि आम्ही चालत गेलो.